कोरडी तालीम

संघर्ष तायडेने खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. त्याला गप्प बसता आलं नाही, एवढंच झालं.

खामगावच्या एका तेलगिरणीत तो केमिस्ट होता. सरकीच्या तेलात आम्लता किती, ओलावा किती हे दिवसभर मोजायचं आणि आकडा जरा हलला की माल अडवून ठेवायचा, हे त्याचं काम. त्या बाबतीत तो इतका काटेकोर होता की गिरणीचा मालकसुद्धा त्याच्या खोलीत येताना जरा दबकत येई. संग्रामपूरला मुलगी पाहायला जाताना मात्र हा काटेकोरपणा तो गिरणीतच ठेवून गेला.

मुलीचं नाव दीपमाला. पशुवैद्यकीय दवाखान्यात ती पशुधन पर्यवेक्षक होती. जनावरांना लस टोचायची, म्हैस गाभण आहे की नाही ते कोपरापर्यंत हात आत घालून पाहायचं, आणि मग हात धुऊन डबा खायचा, हा तिचा दिवस. जय भीम झालं, चहा-पोहे झाले, कोणाची मावशी कोणाकडे दिली याच्या ओळखी निघाल्या. मग मोठ्या माणसांनी "आता पोट्ट्याईले मोकळं बोलू द्या" असं ठरवलं आणि ते मोकळं बोलणं ऐकायला सगळे तिथंच बसून राहिले.

संघर्षकडे उत्तरं तयार होती. पगार किती, नोकरी कायम आहे का, प्लॉट कोणत्या भागात घेतला. आधीच्या स्थळांनी हेच विचारलं होतं.

दीपमालाने विचारलं, "रात्री जेवणं झाल्यावर तुमच्या घरी काय होते?"

"म्हणजे?"

"म्हणजे ताटं उचलल्यावर. कोण काय करते?"

खरं उत्तर सोपं होतं. संघर्षची आई जनकाबाई दिवसभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत, घरी येऊन स्वयंपाक करत. घरातले तिघं पुरुष जेवत आणि उठत. त्यानंतर काय होतं ते संघर्षने पाहिलेलंच नव्हतं, कारण तेव्हा तो बाहेरच्या खोलीत असे. पण दीपमाला उत्तरासाठी थांबली होती, ती वजनकाट्याचा आकडा स्थिर होईपर्यंत माणूस थांबतो तशी, घाई न करता. तिचं ते थांबणं त्याला फार आवडलं. आवडलेल्या माणसापुढे खरं बोलायची त्याला सवय नव्हती.

"आम्ही सगळे मिळून आवरतो," तो म्हणाला. "पद्धतच बसवलेली आहे आमची. एक जण खरकटं काढते, एक जण घासते, एक जण पुसते. रोज."

बोलता बोलता तो त्या पद्धतीच्या प्रेमात पडला. शेजारी त्याचे वडील जानराव बसले होते. ते निवृत्त मुख्याध्यापक. समता या विषयावर बोलायचं तर जानराव गुरुजींनीच, असं अर्धं खामगाव म्हणे. बापाने अशा वेळी खोकायला हवं होतं. जानरावांनी आवाज लावला.

"आमच्या घरात समता भाषणापुरती नाही."

हे वाक्य त्यांनी भाषणांतून खूपदा म्हटलं होतं. ते करून दाखवा, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"मले पाहायले आवडन," दीपमाला म्हणाली. "घर पाहायले आम्ही येणारच आहोत. दुपारच्या चहाले नाही येत. रविवारी जेवायलेच येतो, संध्याकाळी."

तिची आत्या शालूबाई पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर पाहू लागली.

परतताना शेगाव मागे पडलं. मग मागच्या सीटवरून जनकाबाईंनी विचारलं, "घासणी कुठी राह्यते ते मालूम आहे का तुम्हा दोघाईले?"

जानराव रस्त्याकडे पाहत राहिले. गाडी ते चालवत नव्हते.

घरी पोचल्याबरोबर त्यांनी बैठक बोलावली. सेवानिवृत्तीपासून घरात सर्वांत व्यस्त तेच होते. ज्येष्ठ नागरिक मंडळ, विहाराची समिती आणि कोणाचाही निरोप समारंभ असला की त्याचं अध्यक्षपद. धाकटा प्रज्वल स्पर्धा परीक्षेच्या तयारीत व्यस्त होता. परीक्षा येत आणि जात, तयारी तेवढी टिकून होती. संघर्षला गिरणी होती. जनकाबाईंची शाळा ठरल्या वेळी सुटत असे, म्हणून त्या व्यस्त धरल्या जात नसत.

"निरीक्षण मी करीन," जानराव म्हणाले.

"बाबा, ती तुमचंच निरीक्षण कराले येऊन राह्यली."

"बरं. मग पुसणं." पुसण्याच्या कामात खांद्यावर पांढरा टॉवेल टाकता येत होता, ते त्यांना शोभलंही असतं.

"मी खरकटं घेतो," प्रज्वल म्हणाला. "पण दादा, खरकट्यात नेमकं काय काय येते?"

घासणं आणि विसळणं संघर्षकडे आलं. ते त्याच्या विषयाचंच होतं. साबणाच्या रेणूला एक टोक पाण्याकडे ओढणारं असतं, दुसरं तेलाकडे, आणि म्हणून तेल पाण्याबरोबर निघून जातं, हे त्याने आईला ओट्यावर बोटाने काढून समजावलं.

"आन हात कोणत्या टोकाले लागते?" जनकाबाईंनी विचारलं.

"हाताचा संबंध नसते त्याच्यात."

"असं का. मले इतके दिवस मालूमच नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "आन मी काय करू?"

"तू बसायचं."

"कुठी?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. स्वयंपाकघरात बसायला खरंच जागा नव्हती, कारण तशी कोणाला गरजच पडली नव्हती. प्रज्वलने बाहेरून प्लास्टिकची खुर्ची आणली. ती ठेवल्यावर फ्रिज उघडेना, म्हणून दाराशी ठेवली. मग जनकाबाईंना तिच्यावर बसवण्यात आलं. त्या बसत, आणि कोणी ताटाला हात लावला की उठत. त्यांना बसतं ठेवणं हाच तालमीतला सगळ्यात अवघड भाग ठरला.

नळाला पाणी रोज येत नसे, त्यामुळे जानरावांनी पहिल्याच दिवशी धोरण जाहीर केलं. "पाण्याचा अपव्यय आपल्या तत्त्वात बसत नाही. तालीम कोरडी घेऊ."

तर कोरडी तालीम सुरू झाली. ती व्हायची संध्याकाळी, स्वयंपाकाच्या आधी. आदल्या रात्रीची भांडी जनकाबाईंनी नेहमीप्रमाणे रात्रीच घासून मांडणीवर लावलेली असत. तीच काढायची, ओट्यावर पसरायची, आणि ती उष्टी आहेत असं मानायचं. शास्त्रात अशी मुभा असते; घर्षण नाही असं मानून कितीतरी गणितं सुटतात. प्रज्वल ताटावरून हात फिरवून ते पुढे सरकवी. संघर्ष त्यावर कोरडी घासणी गोल फिरवी आणि बंद नळाखाली धरी. जानराव ते टॉवेलने पुसून खिडकीच्या उजेडात धरत आणि "उत्तम" म्हणत. ताट खरोखरच चकाकत असे.

संघर्ष मोबाइलवर वेळ लावी. वेळ रोज कमी होत गेली. गिरणीत त्याला असे निकाल कोणी दाखवले असते तर आधी नमुना कुठून घेतला ते त्याने विचारलं असतं. इथे त्याने समाधानाने मान हलवली.

तालीम झाली की जनकाबाई स्वयंपाक करत. जेवणं झाली की तिघं बाहेरच्या खोलीत बसून तालमीतल्या चुकांवर चर्चा करत, आणि जनकाबाई आत खरी भांडी घासत. आवाज फार झाला तर जानराव उठून मधलं दार लोटून घेत.

"एक दिवस खऱ्याईवर करून पाहा," जनकाबाई एकदा म्हणाल्या.

"मॅडम, पद्धत पक्की झाली पाहिजे. मग भांडं कोणतंही असो." चारचौघांत आणि वादात जानराव बायकोला मॅडम म्हणत.

जनकाबाई आपल्या कामाला लागल्या. पाढे पाठ नसताना "येते, येते" म्हणणारी पोरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. अशा पोरांशी वाद घालायचा नसतो, त्यांना फळ्यापाशी उभं करायचं असतं.

रविवारी त्यांनी स्वयंपाकाला सकाळपासून सुरुवात केली. पाटवडीचा रस्सा, भरली वांगी, कढी, भात, भाकरी आणि शेवयांची खीर. पाटवडीसाठी बेसन कढईत घाटावं लागतं, आणि ते घाटता घाटता कढईच्या बुडाला त्याचा एक जाड थर धरतो. खीरही थोडी लागली. रस्स्यावर बोटभर तर्री आली होती. तालमीत यातलं काहीच नव्हतं.

पाहुणे तिघं आले. दीपमाला, तिचे वडील देवानंद आणि शालूबाई.

"आई नाही आल्या?" जनकाबाईंनी विचारलं.

"घरी भाऊ आहेत ना दोघं," दीपमाला म्हणाली. "त्याईचं जेवण, मांगचं आवरणं. आता भांड्याईपाशीच असन ती."

देवानंदांनी वर पंख्याकडे पाहिलं.

"पंखा चांगला आहे गुरुजींचा," शालूबाई म्हणाली. "आमच्या दादाले पंख्याची फार पारख. असा विषय निघाला की पंखेच पाहते तो."

जेवण उत्तम झालं. देवानंदांनी रस्सा दोनदा मागून घेतला, शालूबाईंनी खिरीची वाटी बोटाने पुसून काढली. संघर्षने दोनदा दीपमालाकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा ती त्याच्या घराकडे पाहत होती. त्याला या मुलीशी लग्न करायचं होतं, आणि ते आता तीन माणसांनी भांडी घासण्यावर येऊन ठेपलं होतं. पण त्याला काळजी वाटत नव्हती. वेळा चांगल्या आल्या होत्या.

जानराव उठले. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"बसा तुम्ही. हा आमचा रोजचाच कार्यक्रम आहे."

जनकाबाई ठरल्याप्रमाणे खुर्चीवर बसल्या. दीपमालाने दुसरी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी दारात घेतली.

प्रज्वलने पहिलं ताट उचललं, त्यावरून हात फिरवला आणि पुढे सरकवलं. आठवडाभर त्याने हेच केलं होतं. फरक एवढाच की आज ताटात भात, कढी आणि वांग्याचे देठ होते, आणि ते सगळं सिंकमध्ये गेलं. दुसरं ताटही तसंच गेलं. हात शिकलेलं विसरत नाही. सिंकच्या जाळीवर भात बसला, भातावर बेसन बसलं, आणि रस्स्याच्या पातेल्यात उरलेला रस्सा प्रज्वलने, पद्धतीत कुठे थांबायचं हे सांगितलेलं नसल्यामुळे, त्यावर ओतला.

संघर्षने घासणीला साबण लावला आणि सगळ्यात आधी तर्रीचं पातेलंच घासायला घेतलं. थंड पाण्याने. त्याच घासणीने मग पेले घासले. तेल निघालं नाही, ते फिरायला निघालं. पातेल्यावरून घासणीवर, घासणीवरून पेल्यावर, पेल्यावरून त्याच्या मनगटावर. रोज तेलाची आम्लता दशांशापर्यंत मोजणाऱ्या त्या माणसाला तेल हाताला लागलं तर काय करायचं असतं ते माहीत नव्हतं. गिरणीत त्यासाठी वेगळा माणूस होता.

जानरावांनी पहिला पेला पुसला आणि टॉवेल पिवळा झाला. दुसरा पुसला आणि पेला पिवळा झाला. सवयीने त्यांनी तो उजेडात धरला. "उत्तम" एवढं म्हणायचं मात्र ते विसरले.

"आधी पाणी घालून भिजू घाला ती कढई," जनकाबाई हळूच म्हणाल्या.

"मॅडम, मधात नका बोलू."

"अवो बाई, तुमचे पाय काऊन हालून राह्यले इतके?" शालूबाईंनी बाहेरून विचारलं.

जनकाबाई उठायला निघाल्या. दीपमालाने त्यांच्या हातावर हात ठेवला. तिने दाबलं नाही, नुसता ठेवला. अडलेल्या जनावराला शांत करायचा तिला सराव होता. त्या बसल्या.

सिंक भरलं. भरून वर आलं. तांबूस पाण्याची एक धार ओट्यावरून खाली आली, जानरावांच्या पायजम्यापाशी थांबली, आणि मग बाहेरच्या खोलीकडे वळली. देवानंदांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. बेसनाचा थर कढईला तसाच होता. संघर्ष त्यावर घासणी गोल फिरवत राहिला, तालमीत फिरवत असे तशी.

"आता पुढची पायरी कोणती?" दीपमालाने विचारलं.

"आता..." संघर्ष म्हणाला. पुढची पायरी पुसण्याची होती.

दीपमाला जनकाबाईंकडे वळली. "काकू, रोज असंच होते का?"

सगळे थांबले. नळ तेवढा चालू होता. संघर्षने आईकडे पाहिलं. हो म्हण, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं. लहानपणी प्रगतिपुस्तक पुढे करताना होतं तसंच. जनकाबाईंना सून हवी होती, आणि ही मुलगी आल्यापासून तर फारच हवी होती.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "रोज भांडे साफ निघतात."

शालूबाई हसली ते पार फाटकाबाहेर ऐकू गेलं असेल.

"याईनं आठ दिवस तालीम केली," जनकाबाई म्हणाल्या. "मी घासलेल्या भांड्याईवर. तसं सांगाले पाह्यजे होतं तुले. आता सांगून टाकलं."

जानरावांनी टॉवेल खांद्यावरून काढला. समतेवरचे खूप उतारे त्यांना पाठ होते, पण त्यातला एकही या वेळेला लागू पडेना.

"मले भांडे न येणाऱ्या माणसाचं काही नाही," दीपमाला संघर्षला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "शिकता येते. माहे भाऊ तर खोटं बी बोलत नाहीत. 'आई करन' म्हणतात तोंडावर. तुम्ही त्याईच्याही पुढचे निघाले." मग तिने सिंककडे बोट केलं. "आधी ते मोकळं करा. घरात पाणी चाललं."

"कशानं करू?"

"हातानं."

त्याने त्या तांबूस पाण्याकडे पाहिलं. त्यात एक वांग्याचा देठ हळूहळू फिरत होता.

"आम्ही म्हशीले हात घालतो," ती म्हणाली. "हे तर तुमचंच जेवण आहे."

त्याने हात घातला. गार, बुळबुळीत भाताचा गोळा बोटांना लागला तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं, आणि ते दीपमालाने पाहिलं. पाणी घरघरत खाली गेलं. या कार्यक्रमातलं पूर्ण झालेलं पहिलं काम ते.

निघताना तिने जनकाबाईंचा फोन नंबर घेतला. "काकू, ज्या दिवशी याईनं कोणी न सांगता आवरलं, त्या दिवशी मले फोन करजा. तोवर माहा हो बी नाही आन नाही बी नाही."

"बेटा, पण हॉलच्या तारखा मिळत नाहीत मग," जानराव म्हणाले.

"मंग लवकर घासा, काका."

गाडी गेल्यावर जानराव म्हणाले, "पोरगी उद्धट आहे."

"हाव," जनकाबाई म्हणाल्या. "मले आवडली."

त्यानंतर तायड्यांच्या घरी तालीम बंद झाली आणि भांडी सुरू झाली. आधी पेले, मग ताटं, तेलकट सगळ्यात शेवटी. कढईत लगेच गरम पाणी. खरकटं आधी बादलीत, सिंकमध्ये एक शीतही नको. हे जनकाबाईंनी सांगितलं आणि संघर्षला ते शास्त्रीय वाटलं. त्याने त्यामागची कारणंही त्यांना सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "हो. आता पातेलं घे."

हळूहळू भांडी निघू लागली. फोन मात्र जाईना.

"आई, आज करता आला असता फोन," संघर्ष म्हणे.

"आज मी 'उठा' म्हटलं तवा उठले तुम्ही."

दुसऱ्या दिवशी तो जेवण झाल्याबरोबर म्हणाला, "उठू का?"

"विचारलं म्हणजे सांगाच लागलं ना."

"निकष फार कडक आहे," जानराव म्हणाले. त्यांनी हयातभर पोरांचे पेपर याहून सढळ हाताने तपासले होते.

जनकाबाई तोवर बाहेरच्या खोलीत बसून बातम्या पाहत. देशात काय चाललंय याविषयी त्या आता जेवताना मतं मांडू लागल्या होत्या. ती जानरावांच्या मतांशी जुळत नसत. जानरावांना हाही त्या मुलीचाच परिणाम वाटे.

"आईले फोन कराचाच नाही," एकदा प्रज्वल खरकट्याची बादली उचलताना म्हणाला. "लग्न जमलं की आपण सुटतो, आन तिचं बसणं बंद होते. ती काऊन करन?"

संघर्षला हे पटलं नाही असं त्याने स्वतःला सांगितलं. पण तिकडून शालूबाईंनी फोनवर सहज म्हणून कानावर घातलं होतं की दीपमालाला अकोल्याचं एक स्थळ आलंय, मुलगा इंजिनिअर आहे आणि हॉस्टेलात राहिल्यामुळे त्याला कुकर लावता येतो. त्यानंतर संघर्षला गिरणीत दोनदा आकडा पुन्हा मोजावा लागला.

मग एक दिवस जनकाबाईंचं प्रशिक्षण निघालं, बुलढाण्याला. सकाळी पिठलं करून, भाकरी टोपल्यात झाकून त्या निघाल्या. भांड्यांबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी जानरावांनी पिठलं गरम करायला ठेवलं आणि मंडळाचा फोन आला. पिठलं कढईला धरलं. वरचं वरचं खाऊन तिघांनी ताटं ओट्यावर नेऊन ठेवली.

"आज कार्यक्रम तहकूब," जानराव म्हणाले. "पाहायले कोणी नाही." आणि ते बातम्या लावून बसले. प्रज्वलने पुस्तक उघडून त्यात मोबाइल ठेवला. संघर्षही आत जाऊन आडवा झाला. त्यालाही बरं वाटलं. रोज रोज कोण हात घालणार त्यात.

पडल्या पडल्या त्याला गिरणी आठवली. माल पाठवणाऱ्याला आधी कळवून नमुना घेतला तर तो नेहमीच चांगला निघतो. त्यावर संघर्ष कधी सही करत नसे. सही करायची ती न सांगता काढलेल्या नमुन्यावर. आणि सकाळी जाताना आई काहीच बोलली नव्हती.

तो ताडकन उठला. आईच्या कष्टांचा कळवळा आला म्हणून नाही, समतेची जाणीव झाली म्हणूनही नाही. अकोल्याचा इंजिनिअर कुकर लावताना त्याच्या डोळ्यांपुढे आला म्हणून.

त्याने कढईत पाणी तापवायला ठेवलं. पेले घेतले. आवाज ऐकून प्रज्वल दारात आला.

"काऊन घासून राह्यला बे दादा? आई तर नाही घरी."

"सकाळी जाताना आई काय म्हणाली होती भांड्याईचं?"

प्रज्वलने आठवून पाहिलं. मग त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि बादली घेतली. बातम्या बंद झाल्या. जानराव टॉवेल शोधत आले. तिघांनी भांडी आवाज न करता हलवली. चोरी करताना हलवतात तशी.

रात्री जनकाबाई आल्या तेव्हा तिघं बाहेरच्या खोलीत तीन वेगवेगळ्या दिशांना पाहत बसले होते. त्यांनी पर्स ठेवली, पाय धुतले आणि आत गेल्या. त्यांच्यामागे तिघंही दाराशी आले. जनकाबाईंनी सिंकची जाळी उचलून पाहिली. कढई मांडणीवरून काढली, ट्यूबलाइटखाली तिरपी धरली आणि बुडावरून नख फिरवलं. खर्र असा आवाज आला नाही.

त्यांनी फोन लावला. त्या फोनवर नेहमी स्पीकर लावूनच बोलत.

"दीपमाला, मी खामगावची काकू. जय भीम."

"जय भीम काकू. घासले का?"

"घासले. मी घरी नव्हती. सांगून बी गेली नव्हती."

"मनानं केलं का धाकानं?"

 जनकाबाईंनी संघर्षकडे पाहिलं, आणि त्याला कळलं की आईला कळलंय.

"मन काही मी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "कढईचं बुड पाहिलं."

"कसं आहे?"

"साफ आहे."

 पलीकडे कुठे तरी भांड्यांचा आवाज येत होता. संग्रामपूरलाही जेवणं झाली असावीत.

"मंग बुडावरच भागवू, काकू," दीपमाला म्हणाली. "बाबाले सांगतो मी. तारीख पाहा तुम्ही."

संघर्षने ओट्याला हात टेकला. प्रज्वलने त्याच्या पाठीवर ओली थाप मारली. जानरावांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की त्यांचं पोट चार बोटं आत गेलं. टॉवेलची घडी करून ती त्यांनी जनकाबाईंच्या पुढे धरली, सत्काराची शाल धरतात तशी.

"चला, जमलं एकदाचं. हे घ्या मॅडम, तुमचं खातं तुम्हाले परत. उद्यापासून आपलं नेहमीसारखं."

जनकाबाईंनी टॉवेल घेतला नाही. त्यांचा एक हात कढईला होता आणि दुसऱ्यात फोन.

"अहो," त्या म्हणाल्या, "फोन चालूच आहे अजून."

 जानरावांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला, आणि दुधाचं पातेलं वरच्या फळीवर ठेवायचं की खालच्या, ते फोनमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.